मिहूचं विजन

"…म्हणजे घालायचं, की नाही घालायचं? तेवढंच सांगा, बाई."

द्वारकाबाई गहू निवडत होत्या. सुपातला एक खडा त्यांनी बोटानं बाजूला सारला. मग दुसरा.

ऋजुता थांबली. तिला थांबणं जमत नसे. थांबलं की छातीत धडधड सुरू होई, आणि ती थांबवायला पुन्हा बोलावं लागे.

"जूनमध्ये शाळा सुरू होतात. त्याआधी ठरायला हवं ना. आमच्याकडे यावरून जेवणसुद्धा धड होत नाही हल्ली."

"जेवत नाई तुमी?"

"जेवतो. पण कुणी कुणाशी बोलत नाही."

"मंग बरंच हाये की," बाई म्हणाल्या. "आमी बी जेवताना बोलत नाई."

आत चुलीपाशी नंदाबाई फिसकन हसल्या. पाठोपाठ त्यांच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर घणघणत गेलं. ऋजुता केवढ्यानं तरी दचकली.

"झाकण हाये वं, माय," नंदाबाई आतून ओरडल्या. "बाँब नाई."

वऱ्हाडातल्या एका कोरड्या नदीच्या काठी महानुभावांचा तो लहानसा आश्रम होता. चार खोल्या, एक ओटा, अंगणात कडुलिंब. राहणाऱ्या दोघीच: म्हाताऱ्या द्वारकाबाई आणि त्यांच्या शिष्या नंदाबाई, त्याही पन्नाशी ओलांडलेल्या. ऋजुताच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या आश्रमाचे उपदेशी, म्हणजे इथून उपदेश घेतलेले गृहस्थ. घरात कुठल्याही गोष्टीवरून फार ताणलं की सासूबाई म्हणत, "बाईले विचारा."

या वेळी ते नवऱ्यानं म्हटलं होतं. प्रणीत तसा सरळ माणूस. भांडून भांडून दमला, तेव्हा म्हणाला, "बाई सांगतील ते. घरी ठेवा म्हणाल्या, तर मी जन्मात शाळेचं नाव काढणार नाही. शाळेत घाला म्हणाल्या, तर तू तोंड उघडायचं नाहीस."

ऋजुतानं लगेच मान्य केलं होतं. तिला वाटलं होतं, ज्या बाईनं स्वतः कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ती आपल्याच बाजूनं बोलणार.

आता समोर बसल्यावर ते तितकं सोपं वाटेना. शिवाय 'बाई' म्हणताना तिची जीभ दर वेळी जराशी अडखळत होती. पुण्यात लहानपणी शाळेतल्या बाईंनाही ती बाईच म्हणायची.

"शाळेतून काढली कायले?" द्वारकाबाईंनी सूप खाली ठेवत विचारलं.

"दुसरीत होती. डबा विसरली म्हणून द्यायला गेले होते. खिडकीतून पाहिलं, तर सगळा वर्ग… हाताची घडी, तोंडावर बोट."

"हं."

"बाई वर्गात नव्हत्याच. ऑफिसात गेल्या होत्या कुठे. तरी एक मूल हलत नव्हतं. आमची मिहू डोळे मोठ्ठे करून फळ्याकडे बघत होती. फळ्यावर काही लिहिलेलंही नव्हतं हो. मी तिला तशीच उचलून घरी आणली. डबा तिथेच राहिला."

"मंग?"

'मंग' ऐकल्याबरोबर ऋजुताच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आला. हे सांगायला तिला मनापासून आवडे. दुसऱ्या गावांचे आईबाप तिला फोन करून विचारत, तुम्ही कसं केलंत, आम्हालाही करायचंय. दोनदा तिनं सभागृहात उभं राहून हेच सांगितलं होतं, आणि लोक टिपून घेत होते.

"मग घरीच. पण घराची शाळा नाही केली मी. तो शब्दच नको. घंटा नाही, गणवेश नाही, तास नाही. पोळ्या लाटताना भूमिती. भाजी आणताना हिशेब. ओढ्यावर गेलो की भूगोल, मुंग्यांची रांग दिसली की… काहीही. तिला जे दिसेल, तिथून सुरुवात. पुढेमागे लागलीच तर बाहेरून परीक्षा देता येते. मार तर नाहीच. आवाजसुद्धा चढवलेला नाही मी तिच्यावर. एकदाही नाही."

"चुकली तं?"

"चूक हा शब्द आमच्या घरात नाही." तिनं मान थोडी उंच केली. "मी फक्त एवढंच म्हणते: पुन्हा बघूया."

बाईंची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिथेच राहिली.

ऋजुतानं मागे वळून पाहिलं. कडुलिंबाखाली तिची मिहू, मिहिका, उकिडवी बसली होती. नऊ वर्षांची, बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या. धुळीत तिनं लिंबोळ्यांची काहीतरी नक्षी मांडली होती. आता ती सगळी नक्षी तळहातानं पुसून टाकत होती, भराभरा.

"खेळतेय," ऋजुता म्हणाली.

"हं," बाई म्हणाल्या. आणि मग, "ये वं पोरी इकडे."

मिहिका लगेच उठली, हात झटकून आली, आणि बेताच्या अंतरावर उभी राहिली.

"शाळेत जाशीन, का घरी राहाशीन?"

मिहिकानं आईकडे पाहिलं. छान हसली.

"दोन्हीचे फायदे-तोटे असतात," ती म्हणाली.

आतून नंदाबाईंचा आवाज आला, "अवं माय! हे तं वकीलच निंगाली!"

ऋजुतालाही हसू आलं. त्यात कौतुक होतं, ते तिला लपवता आलं नाही. द्वारकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"ते राहू दे. तुले काय वाटते?"

मिहिकानं पुन्हा आईकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं.

"मला… विचार करावा लागेल."

"कर. जा, खेळ."

ती कडुलिंबाकडे परत गेली. लिंबोळ्यांना मात्र तिनं हात लावला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

बाईंनी सूप पुन्हा उचललं. "एकटी बसते का कधी?"

"एकटी? हो, म्हणजे… मोकळा वेळ असतो ना तिला. रोज असतो. त्यात मी काहीच सांगत नाही."

"तवा तू कुठी राहतं?"

"मी असते तिथेच. लांब. नुसतं लक्ष असतं."

बाईंनी सुपाला एक झटका दिला.

"लक्ष नको ठेवायला?"

द्वारकाबाईंनी सुपातला कचरा फुंकला. ऊन अंगणाच्या मध्यावरून कलायला लागलं होतं. नदीच्या पात्रातून झळ येत होती, आणि त्या झळेपलीकडे, काळ्या भेगाळलेल्या रानात, एका टेकाडावर हिवराचं एकच झाड उभं होतं. बाकी सगळं उघडंबोडकं.

"ते हिवर दिसते?"

"हो."

"आमी विजनाले तिथं जातो. नंदा जाते, मी बी जात होती, गुडघे चालत व्हते तवा. एकटं जायचं. बसायचं. उठून यायचं. तिथून आलेल्याले आमच्यात कोणी काई पुसत नाई. मी नंदाले आजलोक पुसलं नाई, का तू तिथं काय करतं."

"झोपतो!" नंदाबाई आतून म्हणाल्या.

"पाह्य. न पुसता सांगते. तिची गोष्ट येगळी," बाई म्हणाल्या. मग सावकाश ऋजुताकडे वळल्या. "पोरीले जाऊ दे तिथं. एकटी."

"आत्ता? या उन्हात?"

"झाडाखाली सावली हाये. आन् पोरगी परत आली, का तिले काई पुसायचं नाई. सांजीचा दिवा लागेलोक. काय पाह्यलं, काय केलं, भ्याली का, तहान लागली का… काईच नाई. तेवढं जमलं तुले, तं तुह्या घरी निरोप धाडीन: पोरगी मायजवळच राहू द्या, शाळेचं नाव काढू नका."

"आणि नाही जमलं तर?"

"तं घाल शाळेत. शाळा काय एवढी वाईट हाये? तिथं मास्तर पाच वाजता घरी तरी जाते."

नंदाबाई खो-खो हसल्या. ऋजुताला ते हसणं थेट लागलं. तिनं ओठ आवळले.

"जमेल मला," ती म्हणाली. "न विचारणं काय अवघड आहे? आमची सगळी पद्धतच त्यावर आहे. मूल स्वतः बोलेल तेव्हाच ऐकायचं."

"बरं," बाई म्हणाल्या.

मिहिकाला सांगितलं. ती ओट्याच्या पायरीशी चप्पल घालत होती.

"तिथे काय करायचं असतं?" तिनं आईला विचारलं.

ऋजुतानं तोंड उघडलं. पण बाईच बोलल्या. "बसायचं."

"आणि?"

"उठून यायचं."

"म्हणजे निरीक्षण करायचं का?"

"नाई."

"ध्यान?"

"नाई वं."

मिहिका गोंधळली. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली. "मग… झालं हे कसं कळणार?"

"उठू वाटलं का उठजो. जाय."

ती निघाली. पात्र ओलांडताना एकदा वळून पाहिलं, पलीकडच्या काठावर चढताना एकदा. ऋजुतानं दोन्ही वेळा हात हलवला.

"पाठ फिरव," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हिवराकडे पाठ करून बस. डोयानं पुसलं, तरी ते पुसणंच."

ऋजुता वळून बसली. आता तिच्यासमोर आश्रमाची भिंत होती, चुन्याची, पोपडे आलेली. पाठीमागे सगळं रान, आणि त्या रानात तिची पोर. जीव नुसता टांगणीला लागला. उन्हात साप बाहेर निघतात, की संध्याकाळी? गावातली कुत्री इकडे येतात का? पात्रात वाळू उपसणारी माणसं असतात म्हणे. आणि हिवराला काटे असतात, हे तिला आत्ता आठवलं.

ती सारखी चुळबुळ करत होती. नंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तिच्याकडे बघून कमरेवर हात ठेवला.

"ओ पुणेवाल्या," त्या म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

ऋजुता हसली. मग तिच्या लक्षात आलं, आपले दोन्ही हात खरंच घडी घालून छातीशी धरलेले आहेत. तिनं ते सोडले आणि कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

"एवढं कायले भेतं तू?" द्वारकाबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात.

"तिच्यासाठी भिते."

"तुले कोणी मारलं व्हतं का, शाळेत?"

"नाही. मारलं नाही कधी कुणी." ऋजुता भिंतीकडे बघत होती. "तिसरीत होते. बाईंनी नदीचं नाव विचारलं. मला येत होतं. घरी पाठ केलेलं होतं. पण त्यांनी माझं नाव घेतलं ना, की माझं सगळं… पुसलंच गेलं. त्या म्हणाल्या, उत्तर येईपर्यंत अशीच उभी राहा. मी उभी राहिले. मधली सुट्टी झाली, मुलं डबे खाऊन परत आली. मी उभीच. मग… फ्रॉक ओला झाला माझा. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता तरी आठवलं का?"

नंदाबाईंनी तांब्या खाली ठेवला, आवाज न करता.

"बस, माय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बसलेय की."

"बसली नाई तू."

ऋजुतानं खाली पाहिलं. ती उभी होती. सांगता सांगता कधी उठली, तिला कळलंच नव्हतं. दोन्ही हात बाजूला, ताठ, टाचा जुळलेल्या.

ती बसली. तिला ओशाळल्यासारखं झालं.

सावल्या लांबल्या. भिंतीवरचं ऊन वर वर सरकत पत्र्यापर्यंत गेलं. पाठीमागे पात्रातली वाळू चुरचुरली. लहान पावलं. एक चप्पल जरा फटफटत होती.

ऋजुतानं दात ओठावर रोवले.

मिहिका आली. नंदाबाईंनी तिच्या हातात पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली. ऋजुता पाहत होती: पोरीचे गाल लालबुंद, वेणीत काडी अडकलेली, पोटरीवर काट्याचा लांब ओरखडा. ओरखड्यावर रक्त सुकलेलं.

कसं लागलं? कधी लागलं? रडलीस का?

हे सगळं तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिनं ते गिळलं. एक अक्षर बाहेर पडू दिलं नाही. जमतंय, तिला वाटलं. बाई काय समजल्या मला.

मिहिका येऊन तिच्यासमोर बसली. मांडी घालून, पाठ सरळ.

रोज दिवेलागणीआधी त्या दोघी घरीसुद्धा अशाच बसत. बाल्कनीत, चटईवर. मिहू दिवसभरात काय काय दिसलं ते सांगे, ऋजुता ऐके. दिवसातली ही वेळ ऋजुताला सर्वांत गोड वाटायची. तिला ती कधी परीक्षा वाटली नव्हती.

मिहिका थांबली होती.

ऋजुता काही बोलली नाही. फक्त हसली. पोरीला धीर यावा म्हणून.

"एक बगळा होता," मिहिका म्हणाली.

ऋजुता गप्प.

"पांढरा. म्हणजे गाय-बगळा असेल. चोच पिवळी होती. आणि मुंग्या होत्या, दोन प्रकारच्या, काळ्या आणि… तांबड्या. तांबड्या जास्त होत्या." तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आणि जमिनीला भेगा होत्या, त्या बहुतेक षट्कोनी असतात. सगळ्या नव्हत्या. बहुतेक."

ऋजुता हसत राहिली. तिचे गाल दुखायला लागले.

"आणि एक कोल्हा."

गप्प.

"लांब होता. आणि मोर होता. दोन मोर. एक नाचत होता, आई, पिसारा असा पूर्ण उघडून, आणि दुसरा…"

ऋजुताची भुवई हलली. किंचित. तिची तिलाही जाणवली नसती. या रखरखीत रानात, या उघड्या टेकाडावर, मोर?

मिहिका मध्येच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"नाही," ती म्हणाली. "मोर नसेल. मी… थांब हां, आई. मी पुन्हा बघून येते."

आणि ती उठली. चप्पलही न घालता पायऱ्या उतरली आणि पात्राकडे धावत सुटली.

"मिहू!"

दिवस बुडत आला होता. पलीकडचं रान करडं झालं होतं, हिवर त्यात नुसता डाग दिसत होता. ऋजुता मागोमाग धावली. वाळूत तिचे पाय रुतत होते. "मिहू, थांब! नको बघूस! काही नको बघायला!" पोरगी थांबेना. ती वेगानं धावत होती, हात शरीराशी आवळून, उशीर झालेलं मूल घंटा ऐकून धावतं तशी.

पलीकडच्या काठाशी ऋजुतानं तिला दंडाला धरलं. मिहिकानं वर पाहिलं नाही.

"तिथे काही नव्हतं," ती म्हणाली. "आई, खरंच तिथे काहीच नव्हतं. मी खूप वेळ शोधलं. झाडाच्या मागे पण गेले, तिथे काटा लागला. बगळापण नव्हता. मुंग्या होत्या, पण एकाच प्रकारच्या होत्या." तिला हुंदका आवरेना. "काय सांगू मग? सांग ना… काय सांगू?"

ऋजुता वाळूत मट्‌कन बसली. पोरीला तिनं पोटाशी घेतलं.

सावकाश, एकमेकींना धरून त्या परत आल्या.

नंदाबाईंनी देव्हाऱ्यापाशी दिवा लावला होता. त्या एरवीसारख्या काही बोलल्या नाहीत. फडकं ओलं करून आणलं, मिहिकाच्या पोटरीवरचं रक्त पुसलं, आणि निघून गेल्या. मिहिका आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. अधूनमधून एक आचका येत होता.

द्वारकाबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पांढरे केस.

"दिवा लागला," त्या म्हणाल्या.

"…हो."

"जमलं तुले. नाई पुसलं. उद्या निरोप धाडते: पोरगी घरीच राहू द्या, मायजवळ. शाळेचं नाव नको."

दिवसभर ऋजुता याच वाक्यासाठी बसली होती. तिला वाटलं होतं, ऐकलं की हायसं वाटेल. तिनं वाट पाहिली. हायसं वाटेना.

मिहिकानं डोकं उचललं.

"म्हणजे आपण घरीच राहणार?"

"हो…"

पोरगी आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू लागली. बातमी चांगली आहे की वाईट, ते ती तिथे शोधत होती. दिव्याचा उजेड लांबून येत होता, त्यात तिला नीट दिसत नसावं. ती आणखी पुढे सरकली.

ऋजुतानं पदर ओढून तोंड झाकून घेतलं.

बराच वेळ गेला. नदीपलीकडे टिटवी ओरडली, तरी ती दचकली नाही. मिहिका वाट बघून बघून तशीच झोपी गेली.

"बाई…"

"हं."

"निरोप नका धाडू. म्हणजे, धाडू नका असं नाही… मला कळत नाहीये. शाळेत घालू का तिला? तिथे तरी… की तिथेही ती… तुम्ही सांगा ना. मी रागावले नाही हो कधी तिच्यावर. आजसुद्धा… तुम्ही होतात ना इथे? तुम्ही पाहिलंत ना? मी तोंडातून एक शब्द काढला नाही, बाई."

द्वारकाबाई भिंतीला धरून उठल्या. गुडघे कुरकुरले. जाता जाता त्यांचा हात क्षणभर ऋजुताच्या डोक्यावर टेकला.

"नाई काढला, माय," त्या म्हणाल्या. "तरी मले ओट्यावर तुहं पुसणं आयकू येत होतं."